काजळ की हिराकस? जुन्या पोथीची शाई तपासण्याची रीत

वडोदऱ्यात हस्तलिखितांना तोटा नाही. सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात देवनागरी कागदी पोथ्यांपासून दक्षिणेतल्या ताडपत्रांपर्यंत सगळं एका छपराखाली आहे. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती इथेच तयार झाली आणि १९१६ पासून निघू लागलेली गायकवाड ओरिएंटल सिरीजही याच संग्रहाच्या बळावर उभी राहिली. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांत मोडी दप्तरं आणि लाल कापडात बांधलेल्या पोथ्या अजून निघतात. मजकूर वाचणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. तो मजकूर कशाने लिहिला, हे तपासणारे मात्र फार थोडे.

शाईच्या तपासणीची जी माहिती सहज हाती लागते ती बहुतेक युरोपातल्या मध्ययुगीन चर्मपत्रांवरून तयार झालेली असते. तिथली मुख्य शाई मायफळ आणि हिराकसाची (लोहाच्या सल्फेटची), म्हणजे लोहाची. आपल्याकडच्या पोथ्यांत मुख्य शाई काजळाची. हा फरक लक्षात न घेता तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलली, तर महागडं यंत्र दिवसभर चालतं आणि हाती फक्त कागदातल्या चुन्याचा आणि मातीचा आलेख येतो. म्हणून खालचा क्रम आपल्या पोथ्यांना धरून लावला आहे: आधी डोळा, मग भिंग, मग वेगवेगळा प्रकाश, आणि त्यानंतरही प्रश्न उरला तरच क्ष-किरण. प्रत्येक पायरीवर शाईइतकंच लक्ष तिच्या शेजारच्या कोऱ्या कागदाकडे द्यायचं.

प्रश्न आधी, यंत्र नंतर

‘या पोथीचं वैज्ञानिक विश्लेषण करायचं आहे’ हा प्रश्न नव्हे. प्रश्न असे असतात: पुष्पिकेतला, म्हणजे पोथीच्या शेवटच्या लेखन-नोंदीतला, संवत मूळ लेखकाच्याच शाईत आहे की नंतर घातला आहे? समासातल्या टीपा एका वेळच्या आहेत का? पान तपकिरी होऊन फाटतं आहे ते शाईमुळे की ओलीमुळे? लाल अक्षरं हिंगुळाची की शेंदराची? अशा प्रश्नाला हो-नाही उत्तर देता येतं आणि त्यावरून कुठल्या पानावर किती जागा तपासायच्या ते ठरतं.

पुष्पिकेचा प्रश्न असेल तर प्रयोगशाळेआधी पंचांग उघडा. पुष्पिकेत संवत, महिना, तिथी आणि वार बहुधा चारही असतात. तिथी आणि वार जुळतात का ते गणिताने तपासता येतं. गुजरातेत लिहिलेल्या पोथीत विक्रम संवत कार्तिकापासून बदलतो हे ध्यानात ठेवा, नाहीतर एक वर्षाची चूक होते. वार जुळला नाही तर शाई तपासायला ठोस कारण मिळालं.

टेबल, पान, नोंद

पोथी कोणाचीही असो, परवानगी लेखी घ्या आणि तीत ‘नमुना कापणार नाही’ किंवा ‘अमुक जागेवरून अमुक इतका घेणार’ हे स्पष्ट लिहा. ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरतं. ते परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही.

वडोदऱ्याच्या हवेचा विचार आधी करावा. जूनअखेर ते सप्टेंबर खोलीतली आर्द्रता सहज ७०-८० टक्क्यांवर जाते. काजळाची शाई डिंकावर टिकलेली असते आणि डिंक ओल धरतो. पानं एकमेकांना चिकटलेली दिसली तर ती उलगडायचा प्रयत्न करू नका, संवर्धकाला बोलवा. स्वस्तातला का असेना, हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) टेबलावर ठेवा आणि काटा ६५ च्या वर असेल तर काम पुढे ढकला. वातानुकूलित भांडारातून पोथी बाहेर काढली की लगेच सोडू नका. गार पानावर दमट हवेतलं पाणी बसतं. कापडात गुंडाळलेली तशीच तीन-चार तास खोलीत राहू द्या.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोज्यांनी बोटांची जाण जाते आणि पानाची कड अडकून फाटते. लाल-पिवळी अक्षरं असतील तर मात्र नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण हिंगुळात पारा आणि हरताळात आर्सेनिक असतं. आणखी एक: जुन्या संग्रहांत कसरीसाठी कीटकनाशकं मारलेली असतात. त्या टेबलावर चहा-नाश्ता नको.

प्रत्येक मोजमापाची जागा अशी लिहा: पान क्रमांक, पुढची की मागची बाजू, ओळ, अक्षर, आणि पानाच्या डाव्या व वरच्या कडेपासून मिलिमीटरमध्ये अंतर. ‘तिसऱ्या ओळीतला दंड’ एवढी नोंद पुरत नाही. ओळीत चार दंड असतात.

तुलनेची पट्टी घरी बनवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे अडतात. माहीत असलेल्या शायांची पट्टी शेजारी नसेल तर कॅमेऱ्यातला करडेपणा ‘किती करडा’ ते ठरवता येत नाही. सामान काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं.

काजळाची शाई: ५ ग्रॅम काजळ, ५ ग्रॅम हिराबोळ, १० ग्रॅम बाभळीचा डिंक आणि लागेल तसा माक्याचा रस. जेवढं काजळ तेवढा बोळ आणि दुप्पट डिंक, हे प्रमाण गुजरातेतल्या पोथीलेखनाच्या परंपरेतलं आहे. काजळ तिळाच्या तेलाच्या दिव्यावर तांब्याचं किंवा मातीचं भांडं उपडं धरून जमवा. डोळ्यांत घालायच्या डबीतलं काजळ चालत नाही, त्यात मेण आणि तेल असतं. डिंक रात्रभर पाण्यात भिजवून फडक्यातून गाळा. मग सगळं खलात निदान दोन तास घोटा. डिंक कमी पडला तर वाळलेलं अक्षर बोटाला लागतं; जास्त झाला तर अक्षर चमकतं आणि त्याला तडे जातात.

लोहाची शाई: ३० ग्रॅम हिरड्याची दळ कुटून ३०० मिलिलिटर पाण्यात एक दिवस भिजवा, उकळून निम्मं करा, गाळा. त्यात १० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम डिंक. दुसरी बाटली मुद्दाम बिघडवा: ३० ग्रॅम हिरड्याला ३० ग्रॅम हिराकस. या दुसऱ्या शाईत न जुळलेलं लोह उरतं आणि तेच पुढे कागद खातं. हिराकस हिरवट हवा. वरून पिवळा-तपकिरी झालेला जुना माल घेऊ नका, त्यातलं लोह आधीच बदललेलं असतं.

तिसरी, नुसता हिरड्याचा काढा आणि डिंक, हिराकस नाही. चौथी, काजळाची आणि न बिघडवलेली लोहाची समसमान मिसळून. ही मिश्र शाई फसवी असते, म्हणून पट्टीत हवीच. लाल-पिवळ्यासाठी हिंगूळ, शेंदूर, गेरू, अळता आणि हरताळ यांचे ठिपके लावा.

हे सगळं घोटलेल्या हातकागदावर बोरूने लिहा. ब्लिचिंग केलेला, चकचकीत पांढरा यंत्रकागद वापरू नका. त्यातले उजळ करणारे रंग यूव्हीमध्ये निळे चमकतात आणि तुलना बिघडते. पट्टीचे दोन तुकडे करा. एक अंधारात ठेवा, एक महिनाभर खिडकीत. शाई उतरते कशी ते त्यातून दिसतं.

भिंगाखाली

५० ते २०० पट मोठं दाखवणारा यूएसबी मायक्रोस्कोप इथे पुरतो. पांढरा, ३९५ नॅनोमीटर यूव्ही आणि ९४० नॅनोमीटर इन्फ्रारेड असे तीन दिवे एकाच नळीत असलेले डायनो-लाइटसारखे नमुने याच कामासाठी जगभर वापरले जातात. मायक्रोस्कोप स्टँडवर लावा, हातात धरू नका. त्याचं तोंड पानाला टेकता कामा नये.

अक्षराची कड बघा, मधला भाग नंतर. काजळाची शाई घोटलेल्या कागदावर वर बसते. काना जिथे शिरोरेषेला मिळतो तिथे बोरू थबकतो, शाईचा थेंब साठतो आणि वाळल्यावर त्याला बारीक तडे जातात; एखादी खपली उडालेली असेल तर खाली स्वच्छ फिका कागद दिसतो. लोहाची शाई तंतूंत शिरते. तिची कड धूसर असते, भोवती तपकिरी वलय दिसतं आणि पान उलटलं की मागच्या बाजूला तेच अक्षर उलटं उमटलेलं असतं. मोडी कागदांत अक्षरावर चमकणारे कण दिसले तर जागा टिपून ठेवा. शाई लवकर वाळावी म्हणून टाकलेली ती वाळू किंवा अभ्रक असतं. त्यात लोह आणि पोटॅशियम दोन्ही असतात आणि क्ष-किरणांच्या आलेखात ते शाईचं लोह म्हणून खपून जातात.

दक्षिणेतल्या कोरीव ताडपत्रांत शाई नसतेच. सळईने कोरलेल्या रेषेत काजळ चोळलेलं असतं. तिथे दिवा जवळजवळ पानाला समांतर धरला की काजळ उडालेली अक्षरंही वाचता येतात. गुजरातेतली जुनी जैन ताडपत्रं वेगळी, ती शाईने लिहिलेली असतात, तेव्हा त्यांना कागदाचेच नियम लावा.

यूव्ही आणि इन्फ्रारेड

३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या, त्यावर दिसणारा जांभळा उजेड अडवणारी काळी काच हवी. खोलीत पूर्ण अंधार, डोळ्यांवर यूव्हीचा चष्मा, अंतर ३० सेंटिमीटर, एका पानावर एकूण दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही. जुना कागद फिकट निळसर-पिवळा उजळतो. लोहाची शाई यूव्ही शोषते, त्यामुळे उतरून पिवळी पडलेली अक्षरंही काळी होऊन वर येतात. पुसट मोडी वाचायला याहून सोपा उपाय नाही. लाखेचा अंश नारिंगी उजळतो. जस्ताचा सफेदा पिवळा-हिरवा दिसतो. एखादा तुकडा झगझगीत निळा-पांढरा दिसला तर तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या कागदाने केलेली डागडुजी समजा.

इन्फ्रारेडसाठी आतला इन्फ्रारेड रोखणारा फिल्टर काढलेला डिजिटल कॅमेरा लागतो. फिल्टर खरंच काढलाय का ते टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर दाबून बघा. ठिणगी ठळक, प्रखर दिसली पाहिजे. कॅमेरा खाली तोंड करून स्टँडवर, दोन्ही बाजूंना ४५ अंशांत दिवे, छिद्र एफ ८, आयएसओ १००, रॉ फाइल, रिमोट शटर. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात २५ सेंटिमीटर लांबीचं पान भरून घेतलं तर इंचाला सुमारे ६०० पिक्सेल मिळतात. नेहमीच्या लेखनाला हे पुरतं. बारीक टीपेसाठी पान दोन भागांत घ्या. दिसणारा प्रकाश, मग लेन्सवर ७२०, ८५० आणि ९५० नॅनोमीटरचे फिल्टर लावून, असे एकाच जागेवरून फोटो काढा. प्रत्येक पट्ट्याला फोकस पुन्हा करावा लागतो, कारण इन्फ्रारेडचा फोकस सरकतो. ९०० च्या पुढे सेन्सर मंद होतो, तेव्हा एक्स्पोजर बरंच वाढवावं लागेल. प्रत्येक चौकटीत तुमची शाईची पट्टी आणि पांढऱ्या टेफ्लॉनचा तुकडा हवाच. नंतर इमेजजे या मोफत प्रोग्राममध्ये सगळे फोटो एकावर एक बसवा.

वाचायचं असं. काजळ सगळ्या पट्ट्यांत सारखं काळं राहतं. नुसत्या हिरड्याची शाई ७५०-८०० च्या आसपास नाहीशी होते. लोहाची शाई फिकट होत जाते, पण ९४० ला पूर्ण जात नाही, करडी उरते. इथेच पट्टी कामाला येते: पानावरचं अक्षर पट्टीतल्या कुठल्या करड्याशी जुळतं ते बघा, पडद्यावर मनाने ठरवू नका.

आता महत्त्वाचा इशारा. अक्षर इन्फ्रारेडमध्ये काळं राहिलं म्हणजे शाईत काजळ *आहे* एवढंच सिद्ध झालं. *फक्त* काजळ आहे हे सिद्ध झालं नाही. काजळात हिरडा-हिराकसाची शाई मिसळली असेल तर काजळ तिला झाकून टाकतं. अशा पानाला कडेचं तपकिरी वलय आणि मागे उमटलेलं अक्षर यांवरून ओळखावं लागतं, आणि खात्री क्ष-किरणांनी.

लोहाची कागदी पट्टी

बाथोफेनँथ्रोलिन लावलेल्या कागदी पट्ट्या मिळतात. मोकळं दुहेरी लोह (Fe²⁺) भेटलं की त्या गुलाबी-लाल होतात. पट्टीचा कोपरा डिमिनरलाइज्ड पाण्यात बुडवा, टीपकागदावर दाबून जादा पाणी काढा, शाईवर ठेवा, वर पॉलिएस्टरचा तुकडा ठेवून बोटाने ३० सेकंद दाबा, उचला आणि वाळू द्या. रंग आला नाही तर *उचललेल्या पट्टीवर* एक टक्का ॲस्कॉर्बिक आम्लाचा थेंब टाका. आता गुलाबी झाली तर तिहेरी लोह (Fe³⁺) होतं. आम्ल पोथीच्या पानावर कधीही पडू द्यायचं नाही.

हा प्रयोग आधी तुमच्या दोन लोहाच्या नमुन्यांवर करा. समप्रमाणाचा, म्हणजे मुद्दाम बिघडवलेला, जास्त लाल येतो. त्यानंतरच पोथीकडे वळा, आणि तिथेही मजकुरावर नव्हे, समासातल्या डागावर. काजळाची शाई या ओलीनेही उचलली जाते, म्हणून भिंग आणि इन्फ्रारेडमध्ये काजळ दिसलं असेल तर ही पायरी गाळा. ओलीची फिकट कड कागदावर राहू शकते, हे मालकाला आधी सांगा.

क्ष-किरण: एक्सआरएफ

पानाला न शिवता मूलद्रव्यं सांगणारं हे यंत्र आहे, आणि सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्षही याच्याच आलेखांवरून काढले जातात. चालवणारा माणूस प्रशिक्षित हवा आणि यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत बसलेलं हवं. नळीसमोर हात धरून पान सावरणं हा गुन्हाच समजा.

पहिली अडचण किरणाच्या ठिपक्याची. हातातल्या यंत्राचा ठिपका बहुधा ८ मिलिमीटर असतो, छोटं छिद्र लावलं तर ३. बोरूची रेघ जाड धरली तरी १ मिलिमीटर. म्हणजे ८ च्या ठिपक्यात शाई जेमतेम एक षष्ठांश आणि बाकी सगळा कागद. ३ च्या ठिपक्यात ती दोन पंचमांशांपर्यंत जाते. म्हणून बारीक अक्षर सोडा. जाड दंड, शीर्षकाचं अक्षर किंवा शाईचा डाग निवडा.

दुसरी अडचण खोलीची. किरण कागद पार करून खालच्या पानांवरचीही शाई वाचतात. तपासायचं पान एकटं काढा आणि त्याखाली किमान दोन-तीन सेंटिमीटर हवा सोडा. बांधीव पोथीत ते जमत नसेल तर पानाखाली स्वच्छ गाळणकागदाची जाड गड्डी सरकवा आणि त्या गड्डीचाही आलेख वेगळा घ्या. पानाच्या मागे त्याच जागी अक्षर नसावं.

४० किलोव्होल्ट, प्रत्येक जागी ६० ते १२० सेकंद. तीन जागा शाईवर, तीन तिच्या एक-दोन सेंटिमीटर शेजारी कोऱ्या कागदावर. पुष्पिकेसारखा वादाचा प्रश्न असेल तर पाच-पाच. शाईच्या आकड्यातून कोऱ्याचा वजा करायचा. समजा कोऱ्या कागदात लोहाचे १२०० काउंट आले आणि शाईवर १५००. फरक ३०० आणि मोजणीची आपली अनिश्चितता साधारण ५०, तेव्हा फरक खरा वाटतो. पण तीन कोऱ्या जागांत मिळूनच १००० ते १४०० असा पसारा असेल, तर ३०० ला काही अर्थ राहत नाही. हातकागदाच्या लगद्यात चुना असतो, पाण्यातून आणि भांड्यांतून लोह येतं, आणि ते पानभर सारखं पसरलेलं नसतं. एकाच कोऱ्या जागेवर भागवणाऱ्याला हा पसारा दिसतच नाही.

लोह खरोखर शाईत निघालं तर पुढचं काम रंजक आहे. हिराकस कधीच शुद्ध नसायचा. त्यात जस्त, तांबं, मँगनीज कमीजास्त असायचं. वजाबाकीनंतर जस्त भागिले लोह, तांबं भागिले लोह, मँगनीज भागिले लोह अशी गुणोत्तरं काढा. मजकूर आणि पुष्पिका यांची गुणोत्तरं स्पष्ट वेगळी असतील तर दोन वेगळ्या शाया. सारखी निघाली तर मात्र ‘एकाच हाताची’ म्हणू नका. एकाच दुकानातला हिराकस दोन लेखक वापरू शकतात, आणि एकच लेखक दौत पुन्हा भरू शकतो. मँगनीजचा आकडा घेताना जपा, त्याची दुसरी रेषा ६.४९ केईव्हीला (किरणाच्या ऊर्जेचं एकक) आणि लोहाची मुख्य रेषा ६.४० ला; नेहमी मँगनीजची ५.९० ची रेषा धरा.

शाई निव्वळ काजळाची असेल तर एक्सआरएफला तिच्यात सांगण्यासारखं जवळजवळ काही सापडत नाही. कार्बन त्याला दिसत नाही. काळ्या अक्षराचा आलेख कोऱ्या कागदासारखाच आला तर यंत्र बिघडलेलं नाही, शाई काजळाची किंवा नुसत्या हिरड्याची आहे. अशा पोथीत यंत्राचा उपयोग रंगांसाठी करा.

रंगांत लाल सोपा. पारा आणि गंधक म्हणजे हिंगूळ. शिसं म्हणजे शेंदूर. नुसतं लोह वाढलं तर गेरू. यांतलं काहीच नाही तर अळता किंवा आधुनिक ॲनिलीन रंग. पिवळ्यात फसगत होते. आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ आणि शिशाची १०.५५ केईव्हीला, यंत्राला एकच दिसतात. शिशाची १२.६१ ची रेषा नसेल तर १०.५४ आर्सेनिकची, म्हणजे हरताळाची. आर्सेनिकची ११.७३ ची रेषा पुरावा म्हणून वापरायची तर शेजारी हिंगूळ नाही ना ते बघा, पाऱ्याची ११.८२ ची रेषा तिला झाकते. जुन्या लेखकांनी चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून वर पुन्हा लिहिलेलं असतं. अशा जागी आर्सेनिक निघालं तर नवल नाही. आर्सेनिक किंवा पारा पानभर, कोऱ्या जागेवरही सारखा निघाला, तर तो कसरीसाठी कागदाला दिलेला हरताळाचा हात किंवा नंतरचं कीटकनाशक असू शकतं. ही बातमी अभ्यासापेक्षा आधी भांडारातल्या लोकांना द्यायची असते.

रामन, एफटीआयआर

लेझरचा विखुरलेला प्रकाश वाचणाऱ्या रामन यंत्राला मूलद्रव्य नव्हे, संयुग कळतं. हिंगुळाची खूण (सगळे आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये) २५३ आणि ३४३, शेंदराची १२१ आणि ५४९, हरताळाची ३५३, निळीची १५७२ आणि काजळाची १३५० व १५९० च्या आसपासचे दोन रुंद उंचवटे. ७८५ नॅनोमीटरचा लेझर घ्या, शक्ती एक मिलिवॉटच्या खाली ठेवून सुरुवात करा. जास्त शक्तीने शेंदूर पिवळ्या शिशाच्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि तुम्ही नसलेला रंग नोंदवता. पानावर कायमचा ठिपका राहतो तो वेगळाच. डिंक-खळीच्या चमकेने आलेख बुडाला तर जागा बदला, शक्ती वाढवू नका. एफटीआयआरमध्ये, म्हणजे इन्फ्रारेड शोषणाच्या मोजणीत, डिंक आणि कागद यांच्या रेषा एकमेकांत मिसळतात, तेव्हा शाईच्या डिंकासाठी त्यावर फार विसंबू नये. टोक पानावर दाबावं लागतं हेही आहेच.

तारखेबद्दल

शाईवरून सहसा वर्ष निघत नाही. निघते ती ‘याआधीची असू शकत नाही’ अशी मर्यादा. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ चा, पहिला ॲनिलीन रंग १८५६ चा, टायटॅनियमचा सफेदा विसाव्या शतकाचा. सतराव्या शतकाचा दावा असलेल्या पोथीच्या मूळ मजकुरात यांतलं काही निघालं तर दावा संपला. डागडुजीत निघालं तर संपत नाही, म्हणून भिंगाखालचे थर आधी पाहायचे.

ताडपत्राला कार्बन-१४ उपयोगी पडतं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत त्यासाठी प्रवेगक यंत्रणा आहे. मिलिग्रॅमभर कार्बन लागतो, म्हणजे धुण्यात जाणारं धरून पानाचा काही मिलिग्रॅमचा तुकडा, तोही कोऱ्या कडेचा, डागडुजीच्या खळीपासून लांबचा. निघतं ते ताडाचं पान कधी वाढलं याचं वर्ष, लेखन त्यानंतरचं. १६५० नंतरच्या कागदाला ही चाचणी करू नका. त्या काळाचा कॅलिब्रेशन-वक्र इतका वरखाली होतो की उत्तर तीनशे वर्षांवर पसरतं, आणि पोथीचा तुकडा गेलेला असतो.

निकाल लिहिताना

‘शाई काजळाची आहे’ असं न लिहिता असं लिहा: ‘पान १४ मागे, ओळ ३ व ७, तीन जागा, ९४० नॅनोमीटरला अक्षराचा काळेपणा बदलला नाही, लोह कोऱ्या कागदाच्या पसाऱ्याबाहेर नाही, म्हणून काजळाची शाई, लोह आढळलं नाही.’ पुढच्याला तीच जागा शोधून तपासता आली पाहिजे. कोऱ्या जागांचे आकडेही छापा. यंत्राचं नाव, किलोव्होल्ट, सेकंद, ठिपक्याचा व्यास, त्या दिवशीची आर्द्रता लिहा. मूळ रॉ फोटो आणि न छाटलेले आलेख पोथीच्या नोंदणी क्रमांकाने नाव देऊन एक प्रत संग्रहाकडे द्या. तुमच्या शाईच्या पट्टीची कृती, प्रमाणासकट, त्याच फाइलमध्ये ठेवा, कारण तुमचा करडा कशाशी ताडला होता ते तिच्याशिवाय कुणालाच कळणार नाही.